डीकनसाठी पिकॅन

११ जानेवारी, शनिवार

डीकन ऑर्विलला चावला! अंगठ्यालाच, रक्त थांबेना. पिंजऱ्याची कडी सारखी करायला त्याने हात आत घातला आणि याने डाव साधला. महिनाभर हेच चाललंय — दात कटकटवणं, जाळीवर झेपा, पाण्याची बशी पालथी. एरवी चर्चचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या डीकनसारखी पोटावर हात बांधून बसणारी खार ही, म्हणून तर ते नाव ठेवलं.

ऑर्विल रस्त्याच्या टोकाला एकटाच राहतो. दीडेक वर्षापूर्वी खारींच्या शिकारीला गेला, एक मादी पाडली आणि मग ढोलीत तिचं पिल्लू दिसलं. टोपीत घालून माझ्याकडे आणलं. तेव्हापासून दर शनिवारी डीकनसाठी पिकॅनची, त्या अक्रोडासारख्या कठीण फळांची, पिशवी घेऊन येतो. कवचासकट, कारण खारीचे दात झिजायला हवेत. मला त्यातला एकही फोडता येत नाही, बोटांचे सांधे आता माझं ऐकत नाहीत.

अंगठ्याला पट्टी मीच बांधली. त्याचा हात गरजेपेक्षा जास्त वेळ माझ्या हातात होता. लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय!

१६ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयात आलाय, माजावर आलाय. खच्ची केला की निवेल, मांडीवर येऊन बसेल. नाहीतर सोडून द्या. एवढ्याशा जिवाला भूल सोसेलच असं नाही, हेही सांगितलं. फेब्रुवारीच्या अखेरची तारीख घेऊन आले.

१८ जानेवारी, शनिवार

ऑर्विलला सांगितलं. बराच वेळ कॉफी ढवळत राहिला — साखर घेत नाही हा माणूस! मग म्हणाला, "जाऊ द्या त्याला, आर्डिथबाई. त्याला जोडीण हवीय, दुसरं काही नाही."

पण सोडणार कुठे? या रस्त्यावर घरटी एक बंदूक आहे, आणि हंगाम फेब्रुवारी संपेपर्यंत चालतो. मीसुद्धा वर्षानुवर्षं खारीचा रस्सा रांधला, मक्याच्या पावाबरोबर वाढला. आता वासही सहन होत नाही.

आणि खरं सांगायचं तर बंदुकीचं भय नंतरचं. डीकन गेला तर ऑर्विल माझ्या पायऱ्या कशाला चढेल?

२६ जानेवारी

लुर्लीनचा फोन. बहीण कसली, वैरीण! म्हणे, "एका खारीसाठी एवढा विचार? अगं, कॅरलची, सख्ख्या नवऱ्याची नसबंदी ठरवताना तू पाच मिनिटंही घेतली नव्हतीस!" खूप हसलो दोघी.

फोन ठेवला आणि घर एकदम शांत झालं. कॅरलला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी कुणाची वाट पाहिली नव्हती, आणि बरी होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाऊस. ऑर्विल आला नाही. दोन कप काढले होते, एक परत ठेवला.

९ फेब्रुवारी

सर्दी झाली होती म्हणे. चर्चमध्ये दुसऱ्यांकडून कळलं. मला कशाला कळवेल, मी त्याची कोण लागते!

१९ फेब्रुवारी

सकाळी मागच्या ओकवर एक मादी आली. डीकन जाळीला चिकटून असा काही आवाज काढत होता की मी कधी ऐकला नव्हता. ती गेली तरी हलेना. पिकॅन दिला तर तोंड लावलं नाही. मग मीही खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसले.

मला माहीत आहे ते वाट बघणं. दर शुक्रवारपासून मी अशीच रस्त्याकडे बघत असते.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोन करून नको म्हटलं. माझे शनिवार टिकावेत म्हणून त्याला कापायचं? नाही व्हायचं माझ्याच्याने.

१ मार्च, शनिवार

शिकारीचा हंगाम काल संपला. उजाडल्यावर पिंजऱ्याचं दार उघडलं. डीकन दारात पोटावर हात बांधून बसला. वाटलं, जात नाही हा. वाटलं म्हणजे — तशी आशा केली. मग एकदम ओकवर.

ऑर्विल या आठवड्यात भावाकडे गेलाय. त्याला फोनवर सांगितलं. "बरं केलंत," म्हणाला. पुढच्या शनिवारचं तो काही बोलला नाही, मी विचारलं नाही.

पिंजरा धुऊन पालथा घातला. खूप रडले.

५ मार्च

डीकन दिसला. तिच्या मागे धावत होता. माझ्याकडे बघायलाही थांबला नाही, लबाड!

८ मार्च, शनिवार

ऑर्विल आला. नेहमीच्या वेळी, पिकॅनची पिशवी घेऊन. म्हटलं, अहो, आता हे कुणाला? त्याने पिशवी माझ्या हातात दिली.

सगळे सोललेले होते.