दोष सूर्याचा

१२ मे, सकाळी ६
इंदिरापुरम. सहा दिवसांत ट्रान्सफॉर्मर सहाव्यांदा ट्रिप. सोसायटीचा वीज-समन्वयक मी, त्यामुळे लोक मला जिन्यात गाठतात (लिफ्ट बंद). बायकोचे, म्हणजे लतिकाचे वडील, भाऊसाहेब, सांगलीहून आलेत. वय एक्याऐंशी, दमा. लतिकाने बजावलंय, आठवडाभर बघते, नाहीतर त्यांना घेऊन पुण्याला भावाकडे. उन्हाळा सरेपर्यंत. म्हणजे मी इथे एकटा. ते मला जमणार नाही. संकल्प: चार दिवसांत मूळ कारण शोधणे.

१३ मे
सापडलं! सौरवादळ. सूर्यावर स्फोट झाला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं, जमिनीतून एकाच दिशेचा करंट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. आतला लोखंडी गाभा चुंबकत्वाने भरून जातो, मग तो भलताच करंट ओढतो, तापतो आणि गुणगुणतो. आमचा गुणगुणतो. आणखी काय पुरावा हवा? लतिकाला सांगितलं. ती भाऊसाहेबांना वारा घालत होती. अच्छा, म्हणाली.

१४ मे
सेक्रेटरी निखिलचं म्हणणं, लोड जास्त आहे. बिल्कुल चूक. मार्चमध्ये लोड-सर्व्हे मीच केला. फॉर्मप्रमाणे प्रत्येक फ्लॅटमध्ये एकच एसी. (आमच्याकडे तीन. पण हॉलमधला पाहुणे आले तरच लावतो, आणि भाऊसाहेब पाहुणेच. फॉर्ममध्ये पाहुण्यांचा रकाना नव्हता.)

१५ मे, दुपारी
मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपाशी गेलो. काटा गरगर फिरला. ग्रुपवर व्हिडिओ टाकला. रुचिताने, म्हणजे हॉस्टेलवर राहणाऱ्या आमच्याच मुलीने, सगळ्यांसमोर लिहिलं की बाबांच्या फोनच्या कव्हरला मॅग्नेट आहे. कव्हर काढून पाहिलं. काटा तरीही हलला, थोडा. हल्लीच्या मुलांना वडिलांची चाड नाही.

१६ मे
लाइनमन सुखबीर आला. त्याला सगळं समजावलं. तो शांतपणे म्हणाला, सरजी, हमारे ट्रान्सफॉर्मर में लाइन की तरफ अर्थिंग ही नहीं, ज़मीन का करंट घुसेगा किधर से? वर म्हणाला, एसी की गिनती सही लिख के दे दो, बड़ा वाला लग जाएगा. पाहू, म्हणालो. खरे आकडे दिले तर मार्चमधल्या फॉर्मवर माझी सही आहे.

१८ मे
काल दुपारी अडीच तास वीज नाही. जनरेटरवर फक्त पंखे. भाऊसाहेबांना धाप लागली. नेब्युलायझर कारच्या चार्जिंगवर चालवला. मी त्यांचा हात धरून बसलो होतो. ते म्हणाले, जावईबापू, तुमचं ते वादळ कधी जाणार? शुक्रवारी, म्हणालो. सौरवादळांच्या साइटवर तसं दिलंय. मला फार लाज वाटली, का ते कळलं नाही.

१९ मे
लतिका दोन दिवस घरोघर फिरत होती. मला वाटलं हळदीकुंकू. ती एसी मोजत होती. बायकांनी तिला आत नेऊन दाखवले. ऐंशी फ्लॅटमध्ये दोनशे सात. आमचे तीन तिने सर्वांत वर लिहिले आणि यादी स्वतः वीज कार्यालयात नेऊन दिली. मला आधी का नाही सांगितलं, विचारलं. ती बॅग भरत होती.

२० मे
दोघं गेली. विमानतळावर भाऊसाहेबांनी पाठीवर हात ठेवला.

२४ मे
मोठा ट्रान्सफॉर्मर बसला. चार दिवस आधी बसला असता तर दोघं इथेच असती. मार्चमध्येच बसला असता, हेही खरं.

२९ मे, संध्याकाळी
साइटवर लाल पट्टी. वर्षातलं सर्वांत मोठं सौरवादळ, सकाळपासून चालू. दिवा एकदाही लुकलुकला नाही. लतिकाला फोन केला. परत कधी येतेस, एवढंच विचारायचं होतं. वीस मिनिटं सौरवादळाबद्दल बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं, ठेवते.