मंगळाची माती आणि पोळ्याची शिंगं

मी, कुमारी नलिनी बापूजी घागरे, वय ६३, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार सौंसर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझं डोकं फिरलं आहे, असं माझा धाकटा भाऊ गजानन गावभर सांगतो. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. सौंसरचं घर मी स्वकमाईनं बांधलं. सहकुटुंब इथेच राहणाऱ्या गजाननला त्यावर दुसरा मजला चढवायचा आहे. त्याला यातली एक वीटही मिळू नये. कारण नोंदवून ठेवते.

सूर्य बरोबर पाठीशी असला की कोरडी माती एकदम उजळ दिसते, कारण प्रत्येक कण आपली सावली आपल्याच मागे लपवतो. पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला मंगळ आला की तिथली मातीही अशीच उजळते. किती उजळते, यावरून तिचे कण बारीक की भरड याचा अंदाज येतो. १९७१ साली मंगळ खूप जवळ आला, तेव्हा माझ्याकडे साधनं नव्हती. पुढची सतरा वर्षं तयारी केली. मंगळाशी ताडून पाहायला तिगावच्या रेल्वेलगतची तांबडी माती सात चाळण्यांतून चाळून सात बरण्यांत भरली. ती जागा पुढे रेल्वेने दगडांनी बांधून काढली, तशी माती आता मिळणं नाही.

यंदा २८ सप्टेंबरला मंगळ समोर यायचा होता. त्याआधी पोळा आला. घरातला गेरू संपला म्हणून गजाननने माझ्या साती बरण्यांतली माती तेलात कालवून बैलांची शिंगं रंगवली. मी रडले, तर म्हणाला, "मातीच तं होती बाई! काहून एवढी बोंबलून राहिली? घमेलंभर आणून देतो ना!"

या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. माझ्या प्रेताला त्यानं हात लावू नये.

२. गजाननची सून छाया हिनं त्या दिवशी शिंगं खरवडून वाटीभर तेलकट चिखल आणून दिला. उपयोग शून्य. पण त्या कुटुंबात माझ्यासाठी हात मळवणारी ती एकटीच. घर, दुर्बीण, प्रकाशमापक आणि वह्या तिच्या एकटीच्या.

३. गजाननला सात रिकाम्या बरण्या. त्यांत लोणचं घालावं.

४. मंगळ इतका जवळ आता ऑगस्ट २००३ मध्ये येईल. तोवर गच्चीवर भिंत, टाकी, काहीही उभं राहू नये. छाये, मी नसेन. तू बेचाळीस वर्षांची असशील. पावसाळा असेल, ढग येतील, घरचे खालून हाका मारतील. दुर्बिणीपासून उठू नकोस.

सही: नलिनी बापूजी घागरे
समक्ष सही केली, साक्षीदार:
विनायक डिगरसे, निवृत्त पोस्टमास्तर
पुष्पा कामडी, शिक्षिका
सौंसर, २२ नोव्हेंबर १९८८