गाजर आणि वीट

६ जानेवारी, मंगळवार

दिवाळीपासून इथे एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी असावी. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मोना बाळंत झाली. आमची नात. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, उचगावला आणली होती. सातव्या महिन्यातच! मुलगा. ओंजळीत मावेल एवढा. धड रडलाही नाही. बरगड्या नुसत्या आत ओढल्या जातात. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलाय. नातजावई आदर्श एसटीत कंडक्टर, चंदगडहून निघालाय. माझी बायको अंबूबाई मोनापाशी. म्हणजे बाहेर निस्तरायला मी एकटा. देवा, असल्या वेळी मलाच मोठा माणूस का केलंस!

७ जानेवारी, बुधवार

कालचं सगळं लिहून काढतो.

नर्सबाई म्हणाली, बाळाच्या फुफ्फुसात नळीनं औषध सोडणार आहेत. कसलं, विचारलं. तर म्हणे, साबणासारखंच असतंय की, पाण्याचा ताण कमी करतंय.

साबणासारखं! उभा जन्म मी शेडात भांड्यांचा पातळ साबण करतोय. त्यासाठी कारखान्यातून आणतो ती साबणाची पेस्ट हाताला लागून राहिली तर कातडी सोलते. ती त्या एवढ्याशा जिवाच्या फुफ्फुसात? मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, मी आजा हाय, माझ्या सहीशिवाय एक थेंब घालायचा न्हाय. इतका ओरडलो की बाकावरची एक बाई आपलं पोर घेऊन उठून गेली.

थोड्या वेळानं डॉक्टर अरीबा बाहेर आल्या. मोनाच्याच वयाच्या असतील. वाटलं, आता झापणार. पण त्या शेजारी बसल्या. नर्सबाईनं माझा धंदा सांगितला असावा. म्हणाल्या, "आबा, पेस्टीत पाणी ओतलं तर काय होतंय?"

म्हटलं, ती नवशिक्याची चूक. पातळ व्हायची सोडून रबरासारखी घट्ट होते, काठी निघत नाही. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात पेस्ट थोडी थोडी सोडायची. असं का होतं, म्हणाल्या. मला काय ठाऊक! वडिलांनी शिकवलं तसं करतो.

मग त्यांनी सांगितलं. मला कळलं तसं लिहितो. साबणाच्या कणाला डोकं असतं आणि शेपूट असतं. डोक्याला पाणी हवं, शेपटाला नको. आकार गाजरासारखा — डोकं जाड, शेपूट एकच, बारीक. भरपूर पाण्यात ही गाजरं शेपटं आत घालून गोल गड्डा करतात. गड्डे सुटे फिरतात, म्हणून साबण पातळ. पाणी कमी असलं की गड्ड्यांच्या लांब कांड्या होतात, आणि ट्रॉलीत ऊस रचावा तशा एकमेकींना खेटून बसतात. तोच जाम झालेला ड्रम! पाणी त्याहून कमी, की सपाट थर होतात. थरावरून थर घसरतो, म्हणून कारखान्याची पेस्ट ओतता येते. इतकी वर्षं ढवळलं, पण आत काय चालतं ते काल कळलं. सातवी शिकलेल्या माणसाला कळेल असं सांगितलं बाईंनी.

"आणि बाळाचं औषध?"

"त्याला शेपटं दोन. दोन्ही मिळून डोक्याएवढी जाड. म्हणजे गाजर न्हाय, वीट. विटांचा गोल गड्डा होत न्हाय आबा, थर होतोय. फुफ्फुसाच्या पेशींची भिंतबी असल्याच विटांची. भिंतीत गाजर घुसवलं तर भिंत फुटतीय. वीट लावली तर?"

म्हटलं, वीट भिंतीतच बसणार. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसात हे आपोआप तयार होतं, म्हणाल्या. आमच्याला तेवढी सवड मिळाली नाही. ते नसलं की पाण्याच्या ताणानं आतल्या ओल्या पिशव्या मिटून चिकटतात.

"घाला," म्हटलं, आणि मला रडू आलं.

८ जानेवारी, गुरुवार

बाळ तसंच. मी अडवलं नसतं तर! तेवढ्या वेळात काय बिघडलं असेल?

१० जानेवारी, शनिवार

आदर्शचा फोन — श्वास सुधारतोय, मशीनचा जोर कमी केला! देवाचे उपकार. त्या डॉक्टरबाईंचे उपकार. त्या नर्सबाईचेही, मी तिला नको ते बोललो तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला चहा विचारला होता. कणाला शेपटं किती, हे ज्यानं कुणी पहिल्यांदा शोधलं, त्याचं भलं होवो.

पण दवाखान्यात पाऊल टाकवत नाही. मोनाला तोंड कसं दाखवू? कपडे न्यायला आलेली अंबूबाई म्हणाली, मग बसा साबण ढवळत, ओरडायला तरी कोण न्हाय तिथं. खरंच ढवळत बसलो. पेस्ट पाण्यात सोडताना नुसती गाजरं दिसत होती.

१३ जानेवारी, मंगळवार

मोनाचा फोन. नळी काढली! बाळ आपलं आपण श्वास घेतंय. मी धीर करून म्हटलं, माझ्यामुळं औषधाला उशीर झाला, पोरी, माफ कर.

ती हसायलाच लागली. "आबा, सही मी कवाच केलती. तुम्ही वरडत होता तवाच औषध आत गेलतं. ते देऊनच डॉक्टर बाहेर आल्या."

मग मला एवढं समजावत कशाला बसल्या?

"तुम्ही भ्यालता म्हणून."

फोन ठेवताना म्हटलं, मोना, घरी कधी सोडतात ते कळव. लवकर कळव, बाई.