अस्वलाच्या वजनाची पावलं

४ डिसेंबर

आलो एकदाचा! ताईनं बांधून दिलेली दोन गाठोडी, दुर्बीण, मोजपट्टी, ठसे उचलायच्या प्लास्टरची पिशवी आणि मी, सगळे धडधाकट पोचलो. चौकी म्हणजे लाकडी भिंतींची एकच खोली, पण शेगडी झकास पेटते आणि खिडकीतून थेट जंगलाची कड दिसते. साहेबांनी काम दोन वाक्यांत सांगितलं. रोज सकाळी ठरलेल्या वाटेनं ओढ्यापर्यंत जायचं आणि दिसतील त्या खुणा नोंदवहीत उतरवायच्या. प्राणी दिसलाच पाहिजे असं नाही, म्हणाले. मी म्हटलं, बरंच झालं, मलाही त्यांच्या नजरेस पडायची फारशी हौस नाही. साहेब मोठ्यानं हसले.

दूधवाली मावशी पलीकडच्या वस्तीवरून रोज याच वाटेनं येते. आधीचा माणूस फार घुमा होता, तुम्ही तरी बोलके दिसता, असं तिनं आल्या आल्या सर्टिफिकेट दिलं आणि दोन पेले दूध जास्त ओतलं.

७ डिसेंबर

रात्रभर बर्फ पडलं. सकाळी जंगल म्हणजे नुकती पुसलेली पाटी. कोल्हा ओढ्यापर्यंत सरळ गेलाय, जणू कुणी दोरी धरली होती. सशाची गंमत निराळीच. धावताना त्याचे मागचे पाय पुढे पडतात, त्यामुळे नवशिका हमखास उलट्या दिशेला शोधत जातो. एका जागी उंदराची टिंबटिंब रांग मधेच संपली होती आणि दोन्ही बाजूंना घुबडाची पिसं बर्फावर उमटली होती. एवढीशी गोष्ट, पण सुरुवात, मध्य, शेवट सगळं होतं तिच्यात.

ठसा वाचायचा तर आधी गुडघे टेकावेत, असं नाना म्हणायचे. नाना म्हणजे माझ्या आधीच्या जंगलातले म्हातारे वनरक्षक. हे काम मी त्यांच्याकडून शिकलो. त्यांच्याबद्दल आज नको.

१५ डिसेंबर

ताईचा फोन आला. जेवतोस का, झोपतोस का, सगळी चौकशी झाली. मग म्हणाली, नाना बाजारात भेटले होते. नोकरी गेल्यापासून एका गोदामाच्या दारात राखण करतात. तुझी आठवण काढली, पोरगा थंडी अंगावर काढतो, सांभाळून राहा म्हणावं, असं म्हणाले.

मी ताईला म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज अजिबात तुटत नव्हता. फोन ठेवला.

२२ डिसेंबर

ओढ्याजवळ अस्वल. पाच बोटं, पुढे नखांची टोकं, ठसा चार बोटं खोल. या दिवसांत अस्वलं झोपलेली असतात, पण एखादं उठतंही. त्याचं मला नवल वाटलं नाही.

त्या ठशांच्या बाजूनं बुटांचे ठसे होते. लहान, बाईमाणसाचे. दोघं शेजारी शेजारी चालत गेल्यासारखे. कुठे पळापळ नाही, झटापट नाही. डावा पाय जरा बाहेर फेकलेला. डाव्या तळव्याला टायरचा तुकडा शिवलेला.

तो तुकडा मी ओळखतो.

नोंदवहीत लिहिलं: ससे, कोल्हा, विशेष काही नाही.

२३ डिसेंबर

इथे तरी खरं लिहायला हवं.

मागच्या हिवाळ्यात, त्या जंगलात, पुलाजवळ मी अस्वलाचे ताजे ठसे पाहिले. नियम असा होता की लगेच नानांना सांगायचं आणि दोघांनी जाऊन धोक्याची पाटी लावायची. मला हुडहुडी भरली होती. नानांना सांगितलं असतं तर त्यांनी आल्या पावली मला परत पुलावर नेलं असतं. म्हटलं, उद्या सांगू. वाटेत शिंपीणबाई भेटली. वस्तीत सगळ्यांचे कपडे तीच शिवायची, स्वतःचे बूटसुद्धा टायर लावून तिनंच शिवले होते. काटक्या आणायला निघाली होती. पुलाकडची वाट ठीक आहे ना, असं तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर वस्तीत बोभाटा झाला असता आणि मला शेगडी सोडावी लागली असती. एवढंच कारण.

दुसऱ्या दिवशी ती पुलाजवळ सापडली, अस्वलानं मारलेली. त्याच दुपारी मी नोंदवहीत आदल्या दिवसाखाली एक ओळ घुसडली: ठसे दिसले, नानांना कळवले. चौकशीत नाना आधी म्हणाले, मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही. मग ती ओळ त्यांना दाखवली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, वय झालं, विसरलो असेन.

माझ्या अक्षरावर त्यांनी स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त विश्वास ठेवला. मी शेजारीच उभा होतो.

२६ डिसेंबर

पुन्हा दोन्ही ठसे. आज गुडघे टेकून मोजले. बुटांचा ठसाही चार बोटं खोल. मी ऐंशी किलोचा, माझा दीड बोट रुततो. ती बाई काडीसारखी होती.

पुढे एका ठिकाणी अस्वलाचे ठसे संपले. बुटांचे तेवढे पुढे गेले. वीस पावलांवर बुटांचे संपले आणि तिथूनच पंजे सुरू झाले. दोघं नव्हतेच कधी.

फांदीनं सगळं पुसून टाकलं. नोंदवहीत: विशेष काही नाही.

२९ डिसेंबर

मावशीनं विचारलं, बाईसाहेब कधी आल्या? सकाळी तुमच्या मागून चालतात, हाक मारली तरी बघत नाहीत. पायाला काही लागलंय का त्यांच्या, डावा पाय बाहेर टाकतात.

मी म्हटलं, कुणी आलेलं नाही. ती हसली. लपवायचं काय त्यात, म्हणाली.

मी चालताना मागे बघत नाही आता. पुसलेल्या जागी ठसे परत आलेत.

१ जानेवारी

मोठ्या झाडावर ओरखडे. ताजे, खोल, डिंक गळतोय. डिंकात काळे राठ केस चिकटले होते. अस्वल पाठ घासतं, तसे. आणि त्यांच्यात निळा दोरा. दोऱ्याला सुई.

सुई गंजलेली नव्हती.

३ जानेवारी

ठसे दारापर्यंत आले. परत गेलेले नाहीत. खाटेखाली पाहिलं. दाराआड पाहिलं. कुणी नाही. शेगडी पेटलेली आहे तरी —

ताईला फोन लावला. सांगणार होतो. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी फोन ठेवला.

४ जानेवारी, दुपार

खिडकीतून मावशीची वाट दिसते. तिच्यावर पंजे. आत्ता उमटलेले, कडा अजून ढासळलेल्या नाहीत. ती उद्या येणार. वस्तीवर जाऊन सांगायला हवं, अर्ध्या तासाची वाट. दोनदा बूट घातले. दोनदा काढले. पायरीवर टायरचा ठसा आहे, बाहेरून आत बघणारा.

नोंदवहीत आज खरं लिहिलं. अस्वल. लिहिल्यानं काय होतं — मागच्या वेळीही लिहिलंच होतं —

५ जानेवारी, सकाळ

मावशी दिसली. खिडकी उघडून ओरडलो, परत फिरा, वाटेवर अस्वल आहे, पळा! घसा फाटेपर्यंत ओरडलो. ती थबकली. माझ्याकडे पाहिलं. नाही, माझ्या खांद्यामागे पाहिलं. खोलीत. तिच्या हातातून किटली पडली.

पळाली. टेकाड ओलांडून पार गेली. तिच्या मागे काही गेलं नाही. वाचली ती.

मागे गेलं नाही, कारण —

वळून बघणार नाही. आधी हे लिहायचं.

साहेबांस, मागच्या हिवाळ्यातली ती ओळ खोटी आहे. मी नानांना काही कळवलं नव्हतं. नाना विसरले नव्हते. त्यांना हे वाचून दाखवा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर —

मागे श्वास. जड. आणि दोरा दातानं तोडल्यासारखा बारीक आवाज.

लिहू दे. एवढं लिहू दे, बाई. वाट ठीक आहे का, असं तिनं विचारलं तेव्हा ठसे पाहून मला दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि माहीत असूनही मी तिला