शिवडीच्या माशा: एक की दोन

६ नोव्हेंबर
सकाळी चहा गाळताना शिवडीच्या धक्क्यावरची एक दुपार आठवली. मी आणि हिल्डा, दोघी तिशीच्या आतल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकत्याच लागलेल्या. पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसून तिच्या डब्यातली कटलेटं खात होतो. माझ्या कटलेटवर माशी बसली. मी हाकलणार, तर हिल्डानं मनगट धरलं. "थांब गो, खाऊ दे तिला. मग पकडू." मी हात तसाच अधांतरी धरून बसले. बाकी काही घडलं नाही त्या दुपारी. ऊन होतं, चिखलाचा वास होता.

हिल्डा आता कायमची म्हापशाला चालली, बहिणीकडे. गिरगावच्या वाडीतलं घर बंद. १३ डिसेंबरचं तिकीट. आम्ही दोघींनी जन्मभर जमवलेल्या माशांचे बारा डबे माझ्याकडे, दादरला. ते कॉलेजला द्यायचे. अस्मिता, माझी जुनी विद्यार्थिनी, आता तिथे शिकवते, ती घ्यायला तयार आहे. अट एकच. प्रत्येक माशीला नाव हवं.

८ नोव्हें.
डबे उघडले. नॅप्थलीनच्या गोळ्या विरून गेलेल्या. दोन डब्यांत बुरशी. एकात किड्यांनी माशा खाऊन टाचण्या आणि लेबलं तेवढी ठेवलीत.

सोपं ते आधी. पाठीवर चार पट्टे, घरमाशी. अंगाला धातूची झाक, तर निळी किंवा हिरवी माशी. तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे करडे-काळे चौकोन, मांसमाशी. इथपर्यंत शाळकरी पोरही करील. पुढे जाती ओळखायचं पुस्तक म्हणतं: केस असल्यास सहावर जा, नसल्यास अकरावर. टाचणी आम्ही मुद्दाम पाठीच्या मधोमध न टोचता एका बाजूला टोचतो, म्हणजे दुसऱ्या बाजूचे केस शाबूत राहतात. पण त्याच बाजूला बुरशी असेल तर? सहावर जाऊ की अकरावर? दुपारभर या दोन पानांत ये-जा. मान धरली.

११ नोव्हें.
डबा क्र. ९. टाळत होते.

हिल्डाचा डबा. शिवडीच्या मांसमाशा, सगळे नर. वरच्या रांगेत मोठे, मागच्या पायाच्या नडगीवर लांब केसांची झालर. खालच्या रांगेत लहान, झालर नाही. हि. म्हणते खालची जात वेगळी, त्या खाडीचीच, आजवर कुणी न नोंदलेली. मी म्हणते एकच जात. अळीपणी पोटाला कमी पडलं की माशी लहान राहते, केसही आखूड राहतात. तिनं लेख पाठवला होता, तो "आणखी पुरावा हवा" म्हणून परत आला. त्यानंतर आम्ही हा विषय काढायचा नाही असं न बोलता ठरलं. बारशाला, बाराव्याला, नाताळला भेटलो, ९ नंबर सोडून सगळं बोललो.

आता लेबल लिहायचंय. दोन लिहिली तर मला खोटं वाटणार. एक लिहिलं तर तिची आयुष्यातली एकुलती एक माशी मी खोडणार, तीही ती गाव सोडून जात असताना.

१२ नोव्हें.
अस्मिताला फोन. "'बहुतेक' असं लिहून चालेल का गं?"
"मॅडम, कॉम्प्युटरमध्ये 'बहुतेक' भरता येत नाही. आणि तुम्हीच आमचे मार्क कापायचात 'बहुतेक' लिहिलं की."
बरोबर आहे तिचं.

१५ नोव्हें.
ठरवलं. वाढवूनच बघायचं. शिवडीला जाऊन बांगड्याच्या तुकड्यावर एक पोट फुगलेली मादी धरली. ही माशी अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच टाकते, त्यामुळे आई कोण याबद्दल वाद नको. संध्याकाळी बरणीत अळ्या. अर्ध्या एका बरणीत, पोटभर बांगडा. अर्ध्या दुसरीत, बोटाच्या पेराएवढा. दोन्हींवर मलमल बांधून मागच्या गॅलरीत.
अरविंद, नवरा या नात्यानं: "एका आईची मुलं, आणि असा भेदभाव? माझ्या ताटात मात्र आज दुधी."

हिल्डाला सांगितलेलं नाही.

१८ नोव्हें.
वरच्या मजल्यावरच्या मिसेस प्रधान दारात. नाकाला पदर. "सुधाताई, तुमच्याकडे काही मेलंय का हो?"
"नाही, वाढतंय."
त्यांना ते आवडलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज. अरविंदनं वाचून दाखवला, आवाज काढून. मला हसू आलं नाही. आधीच त्या उपाशी बरणीकडे बघवत नाही. अळ्या काचेवर चढून तोंड फिरवत असतात. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, आधी बघ, मग नाव दे. बघणं इतकं जड जाईल हे त्यांनी सांगितलं नव्हतं. एकदा मलमल सोडली, तुकडा टाकणारच होते. पुन्हा बांधली.

२१ नोव्हें.
दोन्हीकडे अळ्या भुशात शिरल्या. कोष झाले. एकीकडचे टपोरे, दुसरीकडचे तांदळाएवढे. आता वाट बघणं. दरम्यान डबे १ ते ८ पुरे केले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

२५ नोव्हें.
हिल्डाकडे सामान बांधायला. भांडी कागदात गुंडाळताना अरविंदचा फोन आला आणि बोलता बोलता माझ्या तोंडून "बरणीवरची मलमल" निघून गेलं. तिला काय कळायचं ते कळलं. फोन ठेवल्यावर म्हणाली,
"काय गो सुधे, माझ्या माशीच्या मागे पोलीस लावलास?"
मी खरं ते सांगितलं. ती बशा पुसत राहिली. एकच बशी बराच वेळ.
"एक निघाली तर सांग. दोन निघाल्या तरी सांग. पण बघून सांग. मला वाईट वाटू नये म्हणून सांगशील तर म्हापशाचा पत्ता देणार नाही."
मग मला कुलकुलं, ते नाताळचे तळलेले गोड शंख, वळायला बसवलं. नाताळच्या आधीच. माझी सगळी वाकडी झाली. "तुझ्या हातून कुठल्याच दोन गोष्टी सारख्या निघत नाहीत, आणि म्हणे एकच जात."

२ डिसेंबर
पोटभर बरणीतल्या निघाल्या! मोठ्या, झकास. नर बाजूला काढून मायक्रोस्कोपखाली घेतले. नडगीवर झालर, विंचरल्यासारखी. म्हणजे आई वरच्या रांगेतली. आता उपाशी बरणीतले नर काय दाखवतात, बस्स. एका आईचे असूनही त्यांच्या नडगीवर झालर नसली, तर ती उपासानंच जाते, म्हणजे एकच जात; असली, तर दोन. कोषांचा रंग गडद झालाय. उद्या-परवा.

आज दहादा गॅलरीत जाऊन आले. या वयात.

४ डिसें.
काय लिहू.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आले तर सगळ्या घराला औषधाचा वास. सोसायटीनं पेस्ट कंट्रोलवाला आणला होता, तक्रारीनंतर. अरविंदनं त्याला उपाशी बरणी दाखवून बजावलं, "हिला हात लावायचा नाही." त्यानं हात लावला नाही. तिच्याभोवती सगळीकडे मारलं. पोटभर बरणी मायक्रोस्कोपशेजारी कपाटात बंद होती, ती तेवढी वाचली.

उपाशी माशा त्याच वेळी निघत होत्या. अर्ध्या बाहेर, अर्ध्या कोषात. पंख उलगडलेलेच नाहीत. पाय अंगाला चिकटलेले.

अरविंद मागे उभा होता. "मी फक्त स्वयंपाकघरासाठी त्याला आत..." त्याच्याशी बोलले नाही. जेवणही त्यानंच वाढलं.

५ डिसें.
सगळ्या तपासल्या. कोमट पाण्यात भिजवून, सुईनं पाय सोडवायचा प्रयत्न. तुटतात. लहान आहेत हे नक्की. तेवढं कोषांवरूनच कळलं होतं. एका नराचा मागचा पाय कसाबसा सरळ झाला. नडगीवर काहीतरी आहे. केस? की ओल्या कातडीची घडी? दिवा डावीकडून लावला की केस. उजवीकडून लावला की घडी. दहादा बघितलं. मी एक म्हणणारी, म्हणून मला घडी दिसतेय का? हि. बघती तर केस म्हणाली असती.

पुन्हा वाढवायला वेळ नाही. ती गेल्यावर वाढवून काय करू, आणि कोणाशी भांडू?

९ डिसें.
अस्मिता लोअर परळहून ऑफिसची गर्दी चुकवून आली. तिला तो पाय दाखवला, कोणाचं म्हणणं काय ते न सांगता. बराच वेळ डोळा लावून होती.
"मॅडम, नाही सांगता येत."
"तरुण डोळे ना तुझे?"
"डोळ्यांचा प्रश्न नाहीय हा. पायच तयार झालेला नाही."
९ नंबर सोडून बाकीचे डबे शुक्रवारच्या आत नेते म्हणाली.

१० डिसें.
हिल्डाला फोन. "बघितलं. दिसलं नाही."
वाटलं, आता हसेल.
"दया करतेयस?"
"नाही. रागावलेय."
"मग ठीक," म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला, पण धूळ खूप आहे म्हणे, कपाटं हलवतायत.

११ डिसें.
अरविंदशी आज बोलले. थोडं.

उद्या सकाळपासून हि.कडे, रात्री तिथेच राहीन, परवा तिला स्टेशनवर सोडून येईन. मागाहून कॉलेजचा माणूस येईल. अरविंद, एवढंच पान वाच, मागची नको.

डबे १ ते ८, १० ते १२: अस्मिताला. आडवे धरायचे. लिफ्टमध्ये उभे केले तर मी येऊन बोलेन.
मायक्रोस्कोप आणि सुया: अस्मितालाच. ती नको म्हणेल, ऐकू नकोस.
माशा पकडायचं जाळं: अँटॉप हिलच्या भाचीला, तिची मुलगी मागत होती.
पोटभर बरणीतल्या जिवंत माशा: कोणाला नाही. गॅलरीत मलमल सोड. मिसेस प्रधान झोपल्यावर.

डबा ९ माझ्या पिशवीत आहे, शोधू नकोस. तो हिल्डाबरोबर म्हापशाला. ती अर्धी निघालेली माशी कार्डावर चिकटवून दोन रांगांच्या मध्ये टोचली आहे, वर नाही, खाली नाही. लेबल लावलेलं नाही. कुणी राहून गेलं समजून लावू नये.