बसल्या जागी पाच किलोमीटर

१५ एप्रिल २०२१, जव्हार

पुन्हा लॉकडाऊन. बरं झालं! आता घराबाहेर का पडत नाही म्हणून कोणी विचारणार नाही.

साखर तीनशे ऐंशी. डॉक्टरांनी कागद माझ्या नाकासमोर धरला. रोज पाच किलोमीटर चाला, नाहीतर आधी डोळे जातील, मग किडनी. मला सांगतो चालायला! चौतीस वर्षं खोडाळ्याच्या पोस्टातून डाक वाटली मी. सात पाडे, रोजचे अठरा किलोमीटर, पावसात गुडघाभर चिखल. डॉक्टर तेव्हा शाळेतही जात नसेल.

पण आता उठवतच नाही. माझी बायको रंजना जाऊन आज दोन महिने झाले.

१६ एप्रिल

प्रगतीचा नालासोपाऱ्याहून फोन. साखरेची बातमी लेकीपर्यंत कोणी पोचवली? गंगीने, दुसरं कोण! शेजारीण कसली, पोलीस चौकी आहे.

"बाबा, उद्यापासून रोज सकाळी साडेसहाला फोन करणार. तुम्ही अंगणात फेऱ्या मारा, मी इथे हॉलमध्ये मारते. फोन कानाला. अर्धा तास."

म्हटलं, बघू.

"बघू नाही. आई गेली. तुम्हीपण गेलात तर मला माहेर कुठलं?"



१७ एप्रिल

चप्पल घातली. अंगणात आलो. फाटकापर्यंत गेलो आणि मागे फिरून खुर्चीत बसलो. तेवढ्यात फोन.

"चालताय ना?"

"चालतोय की!" दोन-चार धापा टाकल्या. बऱ्यापैकी जमल्या.

खोटं बोलायचा मला सराव आहे. पाड्यांवर वाचता येणारी माणसं थोडी. पत्र मीच फोडून वाचून दाखवायचो. वाईट मजकूर आला की तेवढा गाळायचो. इकडील सर्व खुशाल, म्हणायचो. मग घरातल्या एखाद्या जाणत्याला बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचो. म्हातारीने निदान त्या दिवशीची भाकरी तरी खावी.

२० एप्रिल

आजही बसल्या जागी दोन किलोमीटर झाले!

२३ एप्रिल

खरं कारण इथे लिहितो. प्रगतीला सांगता येत नाही.

नोकरीत होतो तोवर रंजना माझ्याबरोबर कधी चालली नाही. मी संध्याकाळी यायचो, ती पायांवर घ्यायला गरम पाणी काढून ठेवायची. गेल्या जूनमध्ये निवृत्त झालो तर म्हणाली, "लोकांसाठी जलमभर चाललास. आता माझ्यासंगं चाल." रोज शिरपामाळच्या रस्त्याला जायचो. पण ते चालणं कसलं! दर दहा पावलांना थांबायची. ही भाजी बघ, ती कोणाची गाय व्याली बघ. मी चिडायचो. अशाने डाक कधी पोचायची गं? ती म्हणायची, "कुठं पोचायचंय आता?"

आठच महिने मिळाले.

आता फाटकाबाहेर पडलो की पाय आपोआप हळू पडतात, ती मागे राहिली असेल म्हणून. मग मला रडू येतं. रस्त्यावर रडणारा पोस्टमन लोकांनी बघू नये. म्हणून खुर्ची.

२७ एप्रिल

गंगी कुंपणावरून डोकावली. "दादा, तूं बसून बसून असा काय फुसफुसतोस? दम लागला का काय?"

म्हटलं, योगा आहे.

"आन फोनवर पोरीला सांगतोस चालतोय! बसून बसून लाकूड व्हईल तुझं. सांगू का तिला?"

हात जोडले. गेली बडबडत. दुपारी नागलीची भाकरी आणली, ताट आपटून ठेवलं. राग आहे तिला.

३० एप्रिल

पोर मात्र खरंच चालते हो! हल्ली बोलता बोलता थांबते, श्वास घेते, मग पुढचं बोलते. भराभर फेऱ्या मारत असणार. मला लाज वाटली. मी धापांचा जोर वाढवला.

२ मे

आज दहाच मिनिटं. "दमले बाबा," म्हणाली. मागे काहीतरी टुकटुक वाजत होतं. विचारलं तर म्हणे शेजारचा टीव्ही. इतक्या सकाळी कसला टीव्ही बघतात ही शहरातली माणसं!

४ मे

संध्याकाळी सुदर्शनचा फोन. जावई एरवी स्वतःहून फोन करत नाही. आवाजावरूनच कळलं.

"बाबा, सांगू नको म्हणाली होती. सव्वीस तारखेपासून दवाखान्यात आहे. कोरोना. ऑक्सिजनवर."

मी म्हटलं, अरे, सकाळीच तर बोललो! हॉलमध्ये फेऱ्या मारत होती!

"वॉर्डातून बोलते, बाबा. तुमच्याशी बोलायला मास्क काढते. नर्स रोज ओरडतात. ऐकत नाही. म्हणते, मी फोन नाही केला तर बाबा उठणार नाहीत."

खुर्चीत बसून मी नाटकं करत होतो आणि माझ्या खोट्या धापा ऐकायला पोर तोंडावरचा ऑक्सिजन काढत होती. देवा! तिच्या धापा खऱ्या होत्या. वाईट मजकूर गाळून वाचायला माझ्याकडूनच शिकली.

निघतो म्हटलं, आत्ता निघतो. "येऊन काय करणार? मलाच गेटच्या आत घेत नाहीत." सुदर्शन रडायला लागला. मीही.

५ मे

साडेसहाला मीच फोन लावला. नर्सबाईंनी तो प्रगतीच्या उशाशी ठेवला. म्हटलं, तू बोलायचं नाहीस, मास्क काढायचा नाही. आज मी बोलतो. आणि फाटक उघडून निघालो.

गंगीचं घर आलं, सांगितलं. गंगी तोंडात मिसरीचं बोट तसंच ठेवून बघते आहे, सांगितलं. शिरपामाळच्या रस्त्याला लागलो. करवंदं पिकलीत, एक आंबटढाण निघालं, तेही सांगितलं. दर दहा पावलांना थांबत होतो. रडत होतो. कोण बघतंय त्याची फिकीर नव्हती.

मध्येच तिचा आवाज आला. "बाबा... आज खरंच चालताय."

म्हणजे?

"धापा नाहीत. तुम्हाला... चालताना कधी दम लागत नाही. सुट्टीत यायचे ना मी... पाड्यांवर. तुमच्याबरोबर."

पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं! मग बोलली का नाहीस गं?

"अंथरुणातून... खुर्चीपर्यंत तरी यायचात."

हसली. हसता हसता खोकला. नर्सबाईंनी मास्क लावला, फोन बंद केला. मी रस्त्यात खाली बसलो.

६ मे

पाच किलोमीटर. खरे. ती नुसतं "हं" म्हणते. पुष्कळ झालं.

७ मे

पाच. आज "हं" नाही. नर्सबाई म्हणाल्या, तुम्ही बोला काका, ऐकताहेत त्या.

८ मे

प्रगती गेली. सकाळी सव्वासातला. मी रस्त्यात होतो, पाड्यांवरच्या गोष्टी सांगत होतो. नर्सबाई म्हणाल्या, "काका, थांबा आता."

मी म्हटलं, ताई, अजून दीड किलोमीटर राहिलाय. तिला सांगा.