नवा कर्नल आणि जुना ड्रायव्हर

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. तुम्ही खुशाल असालच. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची वाट लावणाऱ्याला काय धाड भरलीय? तुमचे दादा बरे आहेत. माझं ब्लडप्रेशर मात्र तुमच्या नावाने चढलंय आणि ते उतरेपर्यंत मी लिहिणार आहे.

आमच्या अंधशाळेच्या ऑफिसात ब्रेलचा प्रिंटर आहे (कागदावर ठोके मारून टिंबं उठवणारा, तुम्ही ज्याला ‘म्युझियम’ म्हणालात तोच). सुट्टीत आलात आणि कॉम्प्युटरवर ती फुकटातली सिस्टिम घालून गेलात. आता काही बघायला नको म्हणालात. सोमवारी अकराला इतिहासाचा पेपर, सात मुली, आणि सकाळी आठ वाजता प्रिंटर मुका! फोन केला, तर तुम्ही जांभई देत म्हणालात, “वहिनी, कर्नल नवा आलाय, ड्रायव्हर जुना आहे. दोघांचं पटत नाहीये.”

मी हे मोठ्याने जसंच्या तसं शिपायाला सांगितलं. ते मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकलं आणि शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं. अठरा वर्षांची नोकरी, गाडीला साधा ओरखडा नाही. अशा माणसाला त्यांनी विचारलं, की कर्नलसाहेबांशी तुमचं काय बिनसलं? त्याने किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाला, “मी कुणाला वाकडा शब्द बोललेलो नाही. पण तक्रार झालीच असेल, तर ही किल्ली घ्या.”

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी आणि ड्रायव्हर म्हणजे त्याचा प्रिंटरशी बोलणारा दुभाष्या, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. सगळं ऐकून तो म्हणाला, “मग कारभारी बदलताना दुभाष्याला विचारायला नको?” (या प्रकरणातलं शहाणपणाचं वाक्य एवढंच. ते तुमचं नाही.) किल्ली त्याने परत घेतली, पण माझ्याशी अजून बोलत नाही.

शेवटी आमच्या ब्रेलच्या गुरुजींनी पाटी आणि टोचणी काढली. मी प्रश्न वाचले, त्यांनी आणि तीन शिक्षिकांनी एकेक टिंब टोचून पेपर लिहिले. त्यांच्या बोटांना फोड आले, माझा घसा बसला. त्या घोगऱ्या आवाजापायी गुरुजींना ‘युद्धाची कारणे’ऐवजी ‘दुधाची कारणे’ ऐकू आलं. दोन मुलींनी गाईवर पानभर लिहिलंय आणि गुण मागताहेत. द्यावेत की नाही, तुम्हीच सांगा!

तुमची,
वहिनी

ता. क. पेपर झाल्यावर फोनवर तुम्ही कॉम्प्युटर सुरू करताना यादीतून जुना कर्नल निवडा म्हणालात, तसं केलं. प्रिंटर चालतोय.

ता. क. २. पेपरच्या आधीच्या शुक्रवारी पडद्यावर ‘अपडेट करायचं का?’ असं आलं होतं. घड्याळाचं काहीतरी असेल म्हणून ‘होय’ मीच दाबलं. नवा कर्नल त्यातूनच आत आला असावा. दादांना सांगू नका.

ता. क. ३. मुख्याध्यापिकाबाई तुम्हाला फोन करतील. तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मी जाणून आहे, म्हणून चूक तुमची हे मी त्यांना आधीच सांगून टाकलंय. तुम्ही फक्त माफी मागा.